पावणेदोन भागिले अर्धा

चि. भाचीबाईस,


तुझं पत्र मिळालं. चारपैकी तीन पानं तक्रारींनी भरली आहेत, तेव्हा नोकरीत रुळलीस म्हणायची.

प्रशिक्षणातले सुलभक म्हणाले, "तुम्ही सांगू नका, मुलांना स्वतः शोधू द्या." शाळेत परतलीस तर मुख्याध्यापक म्हणाले, "प्रशिक्षणातलं प्रशिक्षणात ठेवा. घटक चाचणी तोंडावर आलीय. फळ्यावर गणितं सोडवा, मुलं उतरवून घेतील." समोर सहावीचा वर्ग, धडा अपूर्णांकांच्या भागाकाराचा, आणि तू विचारतेस, मामा, बरोबर कोण?

दोघांचंही थोडंथोडं ऐक, असं मी सांगणार नाही. तो सल्ला कुणालाही कशावरही देता येतो, आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात उभं राहिल्यावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही. सांगायचं की शोधू द्यायचं हे ठरवण्याआधी समोरच्या मुलाला आत्ता काय येतं ते बघावं लागतं. आणि त्याच्याही आधी, ते गणित आपल्याला स्वतःला किती खोलवर कळलंय ते बघावं लागतं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल प्रशिक्षणात सहसा कुणी बोलत नाही. पद्धतीबद्दल बोलणं सोपं असतं, आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही.

तुझ्याच धड्यातलं गणित घेऊ. पावणेदोन भागिले अर्धा. फळ्यावर ७/४ ÷ १/२. मुख्याध्यापकांच्या रीतीने हे अर्ध्या मिनिटात संपतं: भाजक उलटा करा, गुणा, १४/४, म्हणजे ७/२, म्हणजे साडेतीन. मुलं उतरवून घेतात. त्यातल्या एखादीला विचार, "पावणेदोनाला भागलं आणि उत्तर पावणेदोनापेक्षा मोठं कसं आलं?" ती वहीकडे बघेल, मग तुझ्याकडे बघेल, आणि म्हणेल, "उलटं केलं म्हणून."

आता सुलभकांच्या रीतीने. पावणेदोन लिटर पाणी, अर्ध्या लिटरचं माप, गटात बसा, किती मापं भरतात शोधा. मुलं खूश. एक माप, दोन मापं, तीन मापं, दीड लिटर संपलं. खाली उरलं पाव लिटर. आणि इथेच घोडं पेंड खातं. बहुतेक गट सांगतील, तीन मापं झाली आणि पाव उरलं, म्हणजे सव्वातीन. एखादा गट साडेतीन म्हणेल. एक गट 'तीन, बाकी पाव' असं लिहील, कारण भागाकाराला बाकी असते हे त्यांना चौथीपासून पाठ आहे. तास संपायला दहा मिनिटं उरलीत, फरशीवर पाणी सांडलंय, आणि 'सव्वातीन' म्हणणाऱ्या मुलांचा आवाज सगळ्यात मोठा आहे. आता सुलभकांचं 'मुलांना ज्ञानाची रचना करू द्या' म्हणजे नेमकं काय करायचं? त्यांनी रचना केली आहे. ती चुकीची आहे.

माझ्या मते त्या क्षणी तू पाचेक मिनिटं गप्प बसावंस. सव्वातीनवाल्यांना आणि साडेतीनवाल्यांना भांडू द्यावंस. मग उठून फळ्याजवळ जावंस आणि स्वच्छ शब्दांत सांगावंस: उरलेलं पाणी लिटरचा पाव आहे, पण मापाचं अर्धं आहे. आपण लिटर मोजत नव्हतो, मापं मोजत होतो. म्हणून साडेतीन. हे वाक्य मुलांच्या तोंडून आलं तर उत्तमच. नाही आलं, तर त्याची वाट बघत तास घालवण्यात शहाणपण नाही. लगेच दुसरं वाक्य: एका लिटरमध्ये अर्ध्याची मापं दोन, मग पावणेदोन लिटरमध्ये पावणेदोन गुणिले दोन. उलटं करून गुणायचं ते एवढ्यासाठीच. माप २/३ लिटरचं असतं तर एका लिटरमध्ये दीड माप मावलं असतं, आणि दीड म्हणजे ३/२. आता नियम पाठ करायला सांग. खुशाल सांग.

हे गणित मी उगाच निवडलं नाही. लिपिंग मा नावाच्या चिनी संशोधिकेने हेच, अगदी हेच पावणेदोन भागिले अर्धा, अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवलं होतं. मुलांपुढे नाही, शिक्षकांपुढे. तिचं पुस्तक १९९९ साली आलं. अमेरिकेतले २३ शिक्षक होते, त्यांपैकी ९ जणांचं उत्तर पूर्ण आणि बरोबर होतं. चीनमधले ७२ शिक्षक होते, ७२ जणांचं बरोबर. मग तिने विचारलं, या भागाकारावर एक शाब्दिक उदाहरण रचा. अमेरिकेतल्या शिक्षकांपैकी एकालाच त्यातल्या त्यात जमलं. बाकीच्यांत बरेच जण 'पावणेदोन पोळ्या दोघांत वाटा' अशा धर्तीवर गेले. पण ते दोनाने भागणं झालं, अर्ध्याने नव्हे. चिनी शिक्षकांपैकी ९० टक्क्यांना उदाहरण रचता आलं, आणि काहींनी तर वेगवेगळ्या अर्थांची दोन-तीन रचली. गंमत म्हणजे त्या चिनी शिक्षकांचं शिक्षण अमेरिकेतल्यांपेक्षा पुष्कळ कमी होतं. बरेचसे नववीनंतर दोन-तीन वर्षांचा अध्यापन अभ्यासक्रम करून आलेले.

आता सांग, ज्या शिक्षकाला अर्ध्याने भागणं आणि दोघांत वाटणं यातला फरक कळत नाही, त्याने फळ्यावर सांगितलं काय आणि पाणी ओतायला लावलं काय? सांगताना तो चुकीचं सांगेल. शोधू देताना, मुलांनी शोधलेलं बरोबर आहे की नाही हे त्याला ओळखता येणार नाही. म्हणून सोमवारच्या आधीच्या रविवारी तू एवढंच कर. कागद घे आणि अर्ध्याने भागायची तीन निरनिराळी उदाहरणं रच. एक मापाचं, एक वेगाचं किंवा दराचं, एक क्षेत्रफळाचं. तिसरं जरा छळेल.

तू लिहिलंस की संशोधन काय म्हणतं ते सांगा, म्हणजे मुख्याध्यापकांना दाखवता येईल. दाखवू नकोस. कारण ते त्यांच्या बाजूचंही संशोधन काढून दाखवतील, आणि तेही खरं असेल.

२००६ साली पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या तिघांनी एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी निकाल देऊन टाकला होता की कमीत कमी मार्गदर्शन देऊन शिकवणं चालत नाही. स्वेलर ऑस्ट्रेलियातले. त्यांचा मुद्दा साधा आहे. आपण ज्या स्मृतीत चालू काम ठेवतो ती फार लहान असते, एका वेळी चार-पाच गोष्टींच्या वर तिथे टिकत नाही. नवख्या मुलासमोर अनोळखी प्रश्न टाकला की ती सगळी जागा चाचपडण्यातच जाते, आणि शेवटी उत्तर सापडलं तरी ते कसं सापडलं हे मागे राहत नाही. स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले होते. काही मुलांना सोडवलेलं उदाहरण अभ्यासायला देऊन लगेच तसंच एक सोडवायला दिलं, काहींना सगळीच स्वतः सोडवायला दिली. नंतरच्या चाचणीत पहिल्यांनी तसली उदाहरणं कमी वेळात सोडवली, चुकाही कमी केल्या.

यातलं एक मला आपल्याकडे रोज दिसतं. ज्या मुलाला सात आठे छप्पन पटकन आठवत नाही, ते अपूर्णांकाच्या भागाकाराचं 'का' ऐकतच नसतं. ते अजून सात आठे किती यातच असतं. जुन्या शाळांत पंतोजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा घोकून घ्यायचे. त्या घोकंपट्टीला हसणं आता फॅशन आहे. छड्यांचं मी समर्थन करत नाही. पण पाऊणकी पाठ असलेल्या पोराचं डोकं पुढच्या विचाराला मोकळं असायचं, हेही खरं आहे. पाढे पाठ करून घे. सुलभक काहीही म्हणोत.

आता दुसरी बाजू. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना काही ना काही करायला लावणाऱ्या वर्गात २१.८. हा फरक लहान नाही. पण हे अभ्यास कॉलेजातल्या मुलांवरचे आहेत, आणि तुलना होती अखंड व्याख्यानाशी. आपल्याकडे चांगला गणिताचा मास्तर कधी अखंड व्याख्यान देतो का? तो दर दोन मिनिटांनी "पुढे काय, बोल गं तू" करत असतो. तिकडे स्वेलर मंडळींनी ज्याला झोडपलं ते 'कमीत कमी मार्गदर्शन' आमच्या वर्गात नसतंच, असं समस्या देऊन शिकवणाऱ्यांनी २००७ मध्ये उत्तर दिलं. आमच्यात भरपूर आधार दिलेला असतो, म्हणाले. थोडक्यात, दोन्ही पक्षांनी आपापल्या शेतात एकेक बुजगावणं उभं केलं आणि त्याला मनसोक्त बडवलं.

मला स्वतःला जे दोन निष्कर्ष कामाचे वाटतात, त्यांची चर्चा मात्र कमी होते. पहिला असा की सोडवलेली उदाहरणं दाखवण्याचा फायदा मूल तयार होत जातं तसा कमी होतो आणि पुढे उलटतोसुद्धा. स्लावा काल्युगा आणि स्वेलर यांच्याच गटाने हे २००३ मध्ये मांडलं. म्हणजे नवख्याला जे तारतं तेच जाणत्याच्या वाटेत येतं. दुसरा असा की कसलीही मदत न देता शोधायला लावणं हे स्पष्ट शिकवण्यापेक्षा कमी पडतं, पण मदतीसह, प्रश्न विचारत, चुका दाखवत शोधायला लावणं त्याच्यापेक्षा सरस ठरतं. हे लुई अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १६४ अभ्यास चाळून काढलं.

हे दोन एकत्र ठेव आणि तुझ्या वर्गाकडे बघ. २०२४च्या 'असर' अहवालात, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलेली मुलं ३०.७ टक्के होती. तुझी सहावी याच पाण्यातून आलेली आहे. म्हणजे तुझ्या एका वर्गात, साधा भागाकार न येणारं मूल आणि साडेतीन का हे स्वतः ताडणारं मूल शेजारी शेजारी बसलेलं आहे. पहिल्याला सोडवलेलं उदाहरण पायरी-पायरीने हवं, तेही त्याच दिवशी तीन-चार वेळा. दुसऱ्याला ते दाखवणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. 'वर्गासाठी एक पद्धत' हा प्रश्न मुळात चुकतो तो इथे.

मग आधी सोडवायला द्यावं की आधी सांगावं? इथे मनू कपूर यांचं काम वाचण्यासारखं आहे. सिंगापुरात असताना त्यांनी नववीच्या मुलांना तीन फुटबॉलपटूंनी २० वर्षांत केलेल्या गोलांचा तक्ता दिला आणि विचारलं, सगळ्यांत सातत्य कुणाचं, ते मोजायची रीत तुम्हीच बनवा. प्रमाण विचलन मुलांना शिकवलेलं नव्हतं. बहुतेकांना ते शोधता आलं नाही, येणारही नव्हतं. पण त्यांनी सरासऱ्या काढल्या, आलेख काढले, लागोपाठच्या वर्षांतले फरक मोजले. मग शिक्षकांनी त्यांच्याच रीती फळ्यावर घेऊन, ही इथे का अडते, ती तिथे का अडते, असं करत शेवटी प्रमाण विचलन शिकवलं. सरळ शिकलेल्या मुलांपेक्षा या मुलांची समज पक्की निघाली आणि आकडेमोडीत ती मागेही पडली नाहीत. यातला 'मग शिक्षकांनी शिकवलं' हा भाग प्रशिक्षणाच्या सादरीकरणात हमखास गळतो. मूल आधी अडखळलं म्हणून सांगणं टळत नाही. उलट आता सांगितलेलं कशाला हवं ते त्याला कळलेलं असतं. पाण्याच्या मापापुढचं ते पाच मिनिटांचं भांडण मी तुला याचसाठी सांगितलं.

कृतीवर माझा राग नाही. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कृतीबद्दल जे होतं ते मला पटलेलंच होतं. पुढे २०१५ला राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जाऊ लागले. तिथे शिक्षिकांनी फरशीवर तक्ते रंगवले होते, मण्यांच्या माळा होत्या, काड्यांचे गठ्ठे होते, पण मुळात प्रत्येक मूल आज कुठे आहे हे बाईंना ठाऊक होतं. परत येताना बऱ्याच जणांनी रंगाचा डबा तेवढा आणला. रंगवायला दोन दिवस लागतात, मूल कुठे आहे हे कळायला अख्खं वर्ष. अनेक शाळांत ती फरशी अजून आहे. तिच्यावर मुलं डबे खातात.

कृती केली की गणित आपोआप आलं, असंही नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. १९८५चा, तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमान यांचा. रस्त्यावर नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला संशोधक गिऱ्हाईक बनून विचारतो, ३५ क्रुझेरोचा एक, चार नारळांचे किती? पोरगा म्हणतो, तिनाचे १०५, त्यात तीस, एकशे पस्तीस, आणखी पाच, एकशे चाळीस. नंतर तेच गणित कागदावर, ३५ गुणिले ४. पोरगा मोठ्याने म्हणत सोडवतो: चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, चार पंचे वीस. आणि लिहितो, २००. हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं. अशा पाच मुलांनी मिळून बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर दिली, कागदावरच्या नुसत्या आकड्यांच्या गणितांत ३७ टक्के. २०२५ला अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल याच्याशी जुळणारंच छापलं आहे, आणि त्याची दुसरी बाजूही: शाळेत कागदावर गणितं करणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात.

नारळवाल्या पोराइतकी खरीखुरी कृती तुझ्या वर्गात कधीच होणार नाही. तरी त्याचं कागदावरचं गणित सुधारलं नाही, कारण १०५ आणि ३५ मिळवणं आणि कागदावर ३५ ला ४ ने गुणणं ही एकच गोष्ट आहे हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. ते दाखवणं हे बाईंचं काम. ते पाण्याच्या भांड्यात नाही आणि पुस्तकातल्या नियमातही नाही.

मुख्याध्यापकांचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना घटक चाचणीचे गुण हवेत, ते चुकीचं मागत नाहीत. त्यांना एवढंच सांग की पाच गणितं फळ्यावर सोडवीन, पण सहावं मुलं सोडवतील आणि सातवं मी मुद्दाम चुकीचं सोडवीन, चूक त्यांनी पकडायची. बराक रोझेनशाइन यांनी २०१२च्या एका लेखात जुन्या वर्गनिरीक्षणांचा हवाला दिला आहे. चाळीस मिनिटांच्या गणिताच्या तासात सगळ्यात परिणामकारक शिक्षक सुमारे २३ मिनिटं समजावणं, सोडवून दाखवणं, प्रश्न विचारणं यांत घालवत. सगळ्यात कमी परिणामकारक शिक्षक फक्त ११ मिनिटं, आणि मग मुलांना स्वाध्यायाला बसवत. आपला तासही साधारण तेवढाच. हे मात्र मुख्याध्यापकांना दाखवायला हरकत नाही. 'प्रश्न विचारणं' या शब्दांखाली लाल रेघ मारून दाखव.

ज्यांना साडेतीन का ते कळलंय, त्यांच्यासाठी पुढचं गणित देतो. सव्वा लिटर तेल, पाऊण लिटरच्या बाटल्या. आकडेमोड करायच्या आधी विचार, उत्तर एकापेक्षा जास्त की कमी, दोनापेक्षा जास्त की कमी? एक बाटली भरल्यावर अर्धा लिटर उरतं, तेव्हा दीड म्हणणारी पुष्कळ निघतील, साडेतीन बरोबर काढलेल्यांतूनही. त्यांना लगेच खोडू नकोस, आणि बाकीच्यांना हे गणित इतक्यात देऊही नकोस. कोण दीड म्हणालं, का म्हणालं, आणि एक पूर्णांक दोन तृतीयांशपर्यंत कोण कसं पोचलं ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेव आणि मला पाठव. फोटो नको, तुझ्या अक्षरात हवं.

तुझ्या आईला सांग, लिंबाचं लोणचं पोचलं. मीठ या वेळी बरोबर आहे.

तुझा,
मामा